शेवटच्या दोन ओळी

ग्रंथालयातली ती मुलगी आली तेव्हा मी मटार सोलत बसले होते. मुलगी म्हणजे तिशीतली बाईच, पण माझ्या वयाला आता सगळ्याच मुली. तिने पिशवीतून जाड पाकीट काढलं, पाकिटातून पिवळे पडलेले कागद काढले आणि हरवलेलं मूल आईपुढे आणून उभं करावं तसे माझ्यापुढे धरले.

"आजी, हे अक्षर तुमचंच ना?"

अक्षर माझंच होतं. काळी शाई, सरळ रेघ, डावीकडे चार बोटं समास. माझ्या हाताला आता कंप आहे, पण तेव्हाचं अक्षर मी डोळे मिटूनही ओळखलं असतं.

"माझंच," मी म्हटलं.

तिला एकदम भरून आलं. "म्हणजे तुम्हीच 'एक प्रवासी'!"

मग तिने सगळं सांगितलं. ग्रंथालयात नवं दालन होणार होतं. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्या ज्या बायकांची कुणी दखल घेतली नाही, त्यांच्यासाठी. बारा बायका, बारा फलक, प्रत्येकीचा फोटो, प्रत्येकीच्या एका कथेचं हस्तलिखित काचेखाली. मी ज्या मासिकात मुद्रितं तपासायला होते, त्यात अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी 'एक प्रवासी' या नावाने एकोणीस कथा आल्या होत्या. लिहिणारा पुरुष असेल असंच सगळे धरून चालले होते. मासिकाच्या मालकांच्या नातवाने जुन्या कागदांची पेटी ग्रंथालयाला दिली. तीत एकोणीसही कथा एकाच अक्षरात सापडल्या, आणि त्याच अक्षरात मुद्रितांच्या समासात दुरुस्त्या, खाली माझी सही.

"मग दोन आणि दोन चार केले, आजी."

बेरीज बरोबर होती. उत्तर चुकलं होतं. त्या कथा मी लिहिल्या नव्हत्या, मी फक्त उतरवल्या होत्या. लिहिल्या होत्या माझ्या धाकट्या जावेने.

हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अगंबाई! आई, तुम्ही? इतकी वर्षं मला मिठावरून बोलताय, आणि स्वतः ग्रहांवर जाऊन आलात?"

ती मुलगी हसली. सून माझ्याकडे अशी बघत होती, जसं या घरात येऊन सव्वीस वर्षांत तिने एकदाही बघितलं नव्हतं. मी चहाचा कप हातात घेतला. नाही म्हटलं नाही. हो म्हटलं होतं तेही फक्त अक्षराला, असं मी स्वतःला समजावलं. ऐंशी उलटल्यावर माणूस स्वतःशी वकिली करायला चांगलं शिकतो.

मुलीने फलकाचा मजकूर माझ्याकडे ठेवला. "तुम्ही तर मुद्रितशोधक. शुक्रवारपर्यंत एक नजर घालाल? मग छपाईला देते."

---

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्या तीन खोल्यांत आली तेव्हा मी त्या घरात चार वर्षांची जुनी होते. ती एका शीतगृहात कामाला होती. सफरचंदं, बटाटे, औषधं, सगळं तिथे गारठवून ठेवत. दर अर्ध्या तासाने आठ खोल्यांचं तापमान बघायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, एवढंच तिचं काम. मधल्या वेळात ती स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल घालून, रद्द झालेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर गोष्टी लिही.

आणि काय गोष्टी! एका गावातली माणसं सावल्या धुवायला टाकतात आणि परत येताना त्यांची अदलाबदल होते. चंद्रावर राहायला गेलेली एक म्हातारी पृथ्वीवरच्या सुनेला रोज फोन करते, पण आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून दोघींचं भांडण कधी जुळूनच येत नाही. हे त्या बाईला सुचायचं कुठून, मला कळत नसे. भाजी निवडताना आम्ही दोघी शेजारी बसायचो. माझ्या डोक्यात भाजीच असायची.

तिचं अक्षर मात्र देवाने रागाच्या भरात दिलेलं. शाईत बुडालेली मुंगी कागदावरून जीव घेऊन पळावी तसं. आमच्या छापखान्यातला जुळारी एकेक खिळा उचलून ओळी जुळवायचा. त्याची अट होती, अक्षर लागलं नाही तर मजकूर परत. म्हणून मी साफ प्रत करून द्यायचे. तिच्या चिठ्ठ्या एका बाजूला, कोरे कागद दुसऱ्या बाजूला. प्रत झाली की चिठ्ठ्या चुलीत. नाव बाईचं नको, असं संपादक म्हणाले. "यंत्रांच्या गोष्टी बाईने लिहिल्या म्हटल्यावर लोक पाककृती शोधत बसतील." म्हणून 'एक प्रवासी'. वाचकांची पत्रं यायची, 'साहेब, आपण नक्कीच अभियंता असणार'. ती पत्रं मी घरी आणायचे आणि धाकटी भाकरी थापल्यासारखे हात वाजवत हसायची. "साहेब म्हणे! साहेबांना आधी भांडी घासायची आहेत."

मीही लिहीत होते, हे आता कुणाला आठवत नाही. घरातल्या, नात्यातल्या कथा. व्याकरणात एक चूक काढून दाखवा. दोन परत आल्या. तिसरी संपादकांनी स्वतः माझ्या टेबलावर ठेवली, वर पेन्सिलीने एक ओळ: 'भाषा निर्दोष. बाकी काही नाही.'

ती ओळ मी त्या दुपारी डोक्यात घेऊन बसले, आणि समोर धाकटीच्या चिठ्ठ्या होत्या. कथेचं नाव 'जागी'.

एका यानात तीनशे माणसं बर्फाच्या पेट्यांत झोपलेली. दूरच्या ताऱ्याला पोचायला तीनशे वर्षं. प्रत्येकाने एक वर्ष जागं राहून तापमान बघायचं, मग पुढच्याला उठवायचं आणि आपण झोपायचं. पाळी एका बाईची येते. तिचा नवरा सातव्या पेटीत. अकराव्या पेटीत तिची थोरली जाऊ, 'झोपेतही कुणाची तरी चूक सापडल्यासारख्या भुवया चढवलेली.' वर्ष संपतं. पण बाईला तो एकांत आवडायला लागलेला असतो. कुणी हाक मारत नाही, कुणाला काही वाढायचं नाही, खिडकीत तारे. ती पुढच्याला उठवतच नाही. दुसरं वर्ष जातं, दहावं जातं, केस पिकतात. शेवट तिच्या नोंदवहीत होता.

तो शेवट मी उतरवला नाही. त्याऐवजी मी लिहिलं: 'अखेर तिने सातव्या पेटीची कळ दाबली, आणि नवऱ्याने डोळे उघडताच तिचा बांध फुटला. ताऱ्यांहून मोठं असतं ते आपलं माणूस, हे तिला आता उमगलं होतं.'

निर्दोष भाषा.

मुद्रितं मीच तपासणार होते, त्यामुळे छापून येईपर्यंत तिला कळायचं कारण नव्हतं. अंक आला तेव्हा ती शेवटच्या पानावर किती तरी वेळ थांबली. "ताई, हे कुणी केलं?"

"संपादकांनी हात फिरवला असेल," मी म्हटलं, आणि कणीक मळायला घेतली.

त्यानंतर तिने आणखी चार कथा दिल्या. मग देणं थांबलं. मुलं लहान होती, काम वाढलं होतं. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

---

फलकाचा मजकूर मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. लाल पेन्सिल हातात होती, सवयीने. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला. माझी कल्पनाशक्ती 'काळाच्या कितीतरी पुढची' होती. माझा विनोद 'कोरडा आणि धारदार' होता. वाचताना माझी मान आपोआप ताठ झाली. मग खालचा परिच्छेद आला.

'मात्र "जागी" या त्यांच्या सर्वश्रेष्ठ कथेच्या शेवटच्या दोन ओळी खटकतात. इतक्या धीट कथेच्या टोकाशी येऊन लेखिका का कचरली, हे कोडंच आहे. त्या दोन ओळी नसत्या, तर ही कथा अजोड ठरली असती.'

एकोणीस कथांत माझ्या म्हणाव्यात अशा दोनच ओळी होत्या, आणि तिशीतल्या त्या पोरीने बोट ठेवलं ते नेमकं त्यांच्यावर. सगळं सोडून. मी परिच्छेदावर पेन्सिल टेकवली, खोडून टाकायला. पण खोडून काय होणार? कथा काचेखाली राहणार, लोक वाचणार, आणि जो तो तेच म्हणणार.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मूळ शेवट काय होता ते धाकटीकडून काढून घ्यायचं आणि त्या मुलीला सांगायचं, शेवट असा होता, संपादकांनी बदलला. म्हणजे कथाही माझी, शेवटही माझा, आणि डाग मेलेल्या माणसावर. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. मी चपला घातल्या आणि बस पकडली.

धाकटी दोन थांब्यांवर राहते, मुलाकडे. शहात्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"या ताई! वाट चुकलात?"

"दोन थांब्यांत काय वाट चुकायची?"

"मग सहा महिने बस बंद असेल."

खिडकीत तिची खुर्ची होती. खाली नातवाची सायकल, वर वाळत घातलेले टॉवेल. मी इकडचं तिकडचं बोलले. मग सहज आठवल्यासारखं विचारलं, "तुझी ती गोष्ट होती ना, पेट्यांची... तिचा खरा शेवट काय गं होता? मला नीटसा आठवत नाही."

तिचा चेहराच बदलला. "तिचं नाव काढू नका. वाटोळं केलं त्या संपादकाने."

"पण होता काय?"

तिने खिडकीबाहेर बघितलं आणि न अडखळता म्हणून दाखवलं. अठ्ठेचाळीस वर्षांनी. "'तिने नोंदवही उघडली. हात थरथरत होता, तरी आकडा स्पष्ट काढला. बावीस वर्षं, तीन महिने. उणे एकशे चाळीस. सगळे शांत झोपलेले आहेत. कुणालाही उठवण्याची गरज नाही.' बस. इथे संपत होती."

माझ्या अंगावर काटा आला. हेव्याने अंगावर काटा येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते वाक्य एकदा माझ्या हातात होतं. मी ते चुलीत घातलं होतं.

"आपल्याला लिहिता येत नसलं ना ताई, की माणूस दुसऱ्याच्या लिहिण्यात बोटं घालतो," धाकटी बोलतच होती. "तो गेला तेव्हा मी त्याच्या मयतालाही गेले नाही. त्याची बायको बाजारात समोर आली तर तोंड फिरवलं. बिचारीचा काय दोष? पण नाहीच बोलले. म्हटलं, ज्या माणसाला चार ओळी लिहायची अक्कल नाही..."

"त्याला अक्कल होती," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "चांगली होती. माझ्या कथा त्याने बरोबर परत केल्या."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तो शेवट त्याने बदललाच नव्हता. मी बदलला."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. धाकटी माझ्याकडे वळली.

"तुम्ही?"

"माझी तिसरी कथा त्याच दिवशी परत आली होती. आणि तू मला अकराव्या पेटीत घातलं होतंस."

"ते तुम्हाला कळलं?"

"माझ्या भुवया सगळ्या घराला ठाऊक होत्या."

ती हसली, अगदी जराशी, आणि लगेच थांबली. "अहो, चेष्टा होती ती. तीनशे माणसांत मी ओळखीची दोनच घेतली होती. एक नवरा, एक तुम्ही."

निम्मं सांगून थांबणं मला कधी जमलेलं नाही. ग्रंथालयातली मुलगी, फलक, शुक्रवार, आणि मी तिच्याकडे कशाला आले होते, तेही सांगितलं.

"म्हणजे तेव्हा शेवट घेतलात," ती सावकाश म्हणाली, "आणि आता बाकीचंही न्यायला आला होतात."

"हो."

"मी का थांबले, कधी विचारलंत?"

"नाही."

"मला वाटलं, गोष्टीतल्या बाईला आपण कितीही लांब पाठवलं, तरी शेवटी कुणीतरी येऊन तिला घरी आणून बसवणारच. मग पाठवायचं कशाला?" तिने शाल गुडघ्यांवर ओढली. "जा तुम्ही आता, ताई."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला चहा न विचारता जायला सांगितलं.

---

घरी येऊन मी फलकाचा मजकूर घेऊन बसले. माझं नाव जिथे जिथे होतं तिथे तिथे खोडलं आणि समासात तिचं लिहिलं. सात ठिकाणी. मग त्या मुलीला फोन केला.

तिला आधी मी थट्टा करते आहे असं वाटलं, मग विसरभोळी झाले आहे असं वाटलं. "पण आजी, कागद तर सगळे तुमच्या हातचे आहेत. त्यांच्या हातचं एक चिठोरंही नाही. पुरावा काय?"

"पुरावा मीच. दुसरा मी जाळला."

"मग तुम्हाला तसं लिहून द्यावं लागेल."

मी लिहून दिलं. पहिलं वाक्य सोपं गेलं: या कथा माझ्या नाहीत. दुसरं लिहायला सगळी दुपार लागली. ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं, कुणी विचारलं नव्हतं. प्रामाणिक बाई म्हणून मिरवता आलं असतं, आणि त्या ओळी पुन्हा संपादकांच्या गळ्यात राहिल्या असत्या. पण त्यांची बायको डोळ्यांपुढे येत राहिली, बाजारात, हातात पिशवी, हसायला गेलेली. शेवटी लिहिलं: 'जागी' या कथेच्या शेवटच्या दोन ओळी माझ्या आहेत, लेखिकेच्या नाहीत, आणि तिला न विचारता घातलेल्या आहेत.

सुनेचा चेहरा पडला. "आई, मी माहेरी सगळ्यांना सांगून बसले की हो. आता काय सांगू?"

"सांग, सासूचं अक्षर चांगलं आहे."

चार दिवसांनी धाकटीचा फोन आला. कसं काय नाही, बरं आहात का नाही. "त्या मुलीला खरा शेवट काचेखाली ठेवायचा आहे. मी लिहून दिला, तर तिला माझं अक्षर लागेना. म्हणाली, हे कुठल्या लिपीत आहे? या तुम्ही. आणि एक शब्द इकडचा तिकडे केलात तर बघा."

मी गेले. तिने सांगितलं, मी लिहिलं. हाताच्या कंपाने ओळ वाकडी जात होती. 'हात थरथरत होता, तरी आकडा स्पष्ट काढला' इथे मी थांबले.

"'स्पष्ट'पेक्षा 'ठळक' बरं नाही का वाटत?"

"लिहा आहे तसं."

मी लिहिलं आहे तसं. नंतर घरी येऊन विचार केला. 'स्पष्ट'च बरोबर होतं.

---

दालन उघडलं त्या दिवशी सभागृह भरलं होतं. बारा फलक भिंतीवर, त्यांतल्या नऊ बायका हयात नव्हत्या. धाकटीला मधोमध खुर्ची होती. फोटोसाठी तिने केस रंगवले होते, जे तिला अजिबात शोभत नव्हतं, आणि हे मला बघून बरं वाटलं. मग तिने उभं राहून 'जागी'चं शेवटचं पान वाचलं. शेवटची ओळ झाली. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन-तीन क्षण सगळं सभागृह श्वास धरून बसलं. मग वाजल्या, आणि थांबेनात.

ते दोन-तीन क्षण मला हवे होते. चाळीस-पन्नास वर्षं मला दुसरं काही नकोच होतं. मी पर्स घट्ट धरून बसले. आपलं खरं बोलून झालं म्हणजे हेवा निघून जातो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझा तरी गेला नाही.

भाषणात तिने आभार मानले. शीतगृहाचे मानले, जुळाऱ्याचे मानले, संपादकांच्या बायकोची माफी मागितली. माझं नाव घेतलं नाही. मी वाट बघितली, पण घेतलं नाही.

खाली उतरताना तिला पायऱ्या जमेनात. पोरींचा घोळका होता, पण हात कुणी पुढे करेना, सगळ्यांच्या हातात फोन. मी उठून गेले आणि तिचं कोपर धरलं. तिने झिडकारलं नाही. सगळा भार टाकला माझ्यावर, मेली चांगली वजनदार आहे.

घोळक्यातली एक शाळकरी मुलगी माझ्याकडे वळली. "तुम्हीपण लिहिता का, आजी?"

धाकटीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काय बोलते ते तिला ऐकायचं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "मी हिची थोरली जाऊ."